अरण्यातला रिकामा दिवस

इ. स. 1955 हे वर्ष उद्यानांच्या इतिहासात ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी 17 जुलै रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, अनाहाइम या गावी, संत्र्यांच्या बागा काढून मोकळ्या केलेल्या सुमारे 160 एकर जमिनीवर वॉल्ट डिस्ने यांनी आपली क्रीडानगरी उघडली. आणि त्याच वर्षी, तेव्हा जुन्या मध्यप्रदेशात मोडणाऱ्या आमच्या चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यात, ताडोबा तलावाच्या सभोवारचे 116 चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून सरकारी दप्तरी दाखल झाले. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध काही नाही. परंतु मनुष्याने आपल्या फुरसतीसाठी दोन अगदी भिन्न जातींची स्थळे एकाच वर्षी मुक्रर करावीत, त्यांपैकी एकात किल्ला, डोंगर, नदी, इतकेच काय पण अरण्यदेखील कारागिरांच्या हातचे असावे, आणि दुसऱ्यात मनुष्याचे कर्तृत्व एवढेच असावे की जेथे 1935 पासून शिकारीची बंदी होतीच तेथे यापुढे आपण कशालाच हात लावणार नाही अशी त्याने स्वतःला ताकीद द्यावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

डिस्ने यांच्या नगरीत आरंभापासून एक जलसफर होती व ती आजही आहे. नाव संथपणे वळण घेते, काठावरून यांत्रिक मगर जबडा उघडते, पाणघोडा पाण्यातून डोके वर काढतो, आणि हे प्रत्येक नावेपुढे, प्रत्येक फेरीत, नेमक्या क्षणी घडते. असे सांगतात की डिस्ने यांच्या मनात येथे खरेच प्राणी ठेवावयाचे होते; परंतु खरे प्राणी दिवसाउजेडी झोपा काढतील, झाडोऱ्यात दडून बसतील, आणि पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांच्या दृष्टीस पडणार नाहीत, असा सल्ला जाणकारांनी दिल्यामुळे तो बेत रद्द झाला. तो सल्ला योग्यच होता. क्रीडानगरीत शिरणाऱ्याने दाम मोजलेला असतो आणि त्याच्या मोबदल्यात ठराविक आनंद ठराविक वेळी मिळावा असा तेथला करार असतो. त्या करारात अप्रामाणिक असे काही नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की हा करार ताडोबाला लागू पडत नाही, आणि तरीही गेल्या काही वर्षांत आपण सर्वांनी मिळून तो ताडोबावर लादलेला आहे. मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या प्रवेशद्वारातून आत जाणारे कुटुंब आज वाघाकडून त्या यांत्रिक मगरीच्या वक्तशीरपणाची अपेक्षा करते, आणि वाघ न दिसल्यास फसवणूक झाल्याच्या चेहऱ्याने परत येते.

या रोगावर उपाय कोणता, याचा विचार करताना मी अशा एका प्रवाशापाशी येऊन थांबतो, ज्याची आपल्या समाजात फारशी प्रतिष्ठा नाही. तो म्हणजे कोणाच्याही सोबतीवाचून, कोणतीही यादी न बाळगता, केवळ एक दिवस निवांत घालवावा म्हणून उद्यानात येणारा एकटा मनुष्य.

आपल्याकडे एकट्याने मौजेसाठी कोठे जाणे ही गोष्ट संशयास्पद मानली जाते. कामासाठी, कचेरीच्या तारखेसाठी, दवाखान्यासाठी मनुष्य एकटा गेला तर कोणी काही विचारीत नाही. पण आनंदासाठी एकटा निघाला की घरातली वडीलधारी माणसे हटकतात, आणि निघणारी व्यक्ती स्त्री असेल तर हटकण्याचे रूपांतर मनाईत होते. या समजुतीच्या मुळाशी एक चांगली भावना आहे, हे मी नाकारीत नाही. आनंद वाटून घ्यावा, ही ती भावना. चंद्रपुरात चैत्रात महाकालीची यात्रा भरते तेव्हा नांदेड-परभणीकडून आणि तेलंगणातून आलेली कुटुंबेच्या कुटुंबे झरपट नदीत स्नाने करून, पोतराजांच्या मेळ्यात मिसळून, उन्हातान्हाची पर्वा न करता देवळाच्या परिसरात मुक्काम ठोकतात. महाशिवरात्रीला मार्कंड्याला वैनगंगेच्या वाळवंटात माणसांचा असाच सागर लोटतो. या जत्रा म्हणजेच आपल्याकडची मूळची क्रीडानगरी होय. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. जत्रेत एकटा आलेला मनुष्य कोणाला खटकत नाही. तो पाळण्यापाशी उभा राहो, भजनात बसो, झाडाखाली आडवा होवो, त्याला कोणी जागेवरून उठवीत नाही, कारण जत्रा कोणाच्या वेळेचा हिशेब ठेवीत नाही. आधुनिक क्रीडानगरीत मात्र आसने जोडीजोडीची, तिकिटे कुटुंबाची, आणि एकट्यासाठी फार तर एक निराळी रांग, जिच्यातून त्याला उचलून कोणत्या तरी कुटुंबाशेजारच्या मोकळ्या राहिलेल्या आसनावर बसविले जाते. ताडोबातही सफारीची जिप्सी बहुधा सबंधच घ्यावी लागते. सहाजणांचा खर्च एकट्याने सोसावा किंवा अनोळखी पाचांची घाई आपलीशी करावी, याखेरीज त्याला तिसरा मार्ग सहसा उरत नाही.

आणि तरी क्रीडानगरीची मूळ कल्पना एका स्वस्थ बसलेल्या मनुष्यालाच सुचली होती. डिस्ने यांनी स्वतःच सांगितले आहे की लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या मुली चक्राकार फिरणाऱ्या घोड्यांवर बसलेल्या असताना आपण बाकावर शेंगदाणे खात बसून असू, आणि तेथे बसल्याबसल्या मनात आले की मोठ्यांना व लहानांना मिळून रमता येईल असे एखादे स्थळ असावे. या हकिगतीतून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो असा की बाकावर बसून राहण्याची पाळी कोणावर येऊ नये. माझा निष्कर्ष याच्या उलट आहे. त्या दुपारी सर्वांत फलदायी गोष्ट कोणती घडली असेल तर ती बाकावर घडली, आणि ज्या उद्यानात असा बाक शिल्लक ठेवलेला नाही त्या उद्यानाच्या मालकाने, मग तो कंपनी असो की सरकार, लोकांच्या फुरसतीचा अर्थच नीट जाणलेला नाही.

आमच्या अरण्यप्रदेशाला तर एकांत परका कधीच नव्हता. तुकडोजी महाराज तरुण वयात चिमूरकडच्या रामदिघी आणि गोंदोड्याच्या अरण्यात एकांतसाधनेसाठी राहिले. पुढे खंजिरीच्या तालावर हजारोंचा समुदाय ज्यांनी डोलविला त्यांच्या लोकसंग्रहाची पूर्वतयारी या निर्जन झाडीत झाली होती, हे एकांताला स्वार्थ म्हणणाऱ्यांनी विसरू नये. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडले तो तारू, वाघाशी झुंजताना मरण पावलेला गावप्रमुख म्हणून स्थानिकांच्या स्मरणात आहे. तलावाकाठच्या मोठ्या वृक्षाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तेथे आदिवासींची जत्रा भरण्याची वहिवाट आहे. मराठी वाङ्मयापुरते बोलायचे तर व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्याच्या अरण्यात मुक्काम ठोकला, पायी हिंडून जे दिसले ते टिपले, आणि त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक सिद्ध झाले. मारुती चितमपल्ली यांनी तर वनखात्याच्या चाकरीतच आयुष्य वेचले. या दोघांच्या लेखनात वाघ आहे, परंतु तो इतर अनेकांमधला एक म्हणून आहे, आणि अरण्याशी ज्याचा दीर्घ परिचय आहे अशा कोणाच्याही लेखनात तो तसाच असतो.

आता सांप्रतच्या फेरीचे स्वरूप पाहावे. पहाटे प्रवेशद्वारावर परवाने व ओळखपत्रे तपासली जातात, वाहन आत शिरते, आणि लागलीच चालकाचे व वाटाड्याचे कान एकाच गोष्टीकडे लागतात: कोठे सांबर ओरडले काय, वानराने इशारा दिला काय. ‘कॉल’ आला की वाहन उलटे फिरते. ताडोबाकडे जाणाऱ्या मोहर्लीच्या रस्त्याच्या कडेने गोंडराजांच्या काळचे म्हणून सांगितले जाणारे दगडी खांब उभे आहेत. त्यांच्यामधून दोर ओढून, घंटा बांधून राजाच्या येण्याची वर्दी पुढे पोचविली जात असे, अशी आख्यायिका आहे. ऐनाची, मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची साल, धावड्याचे पांढुरके खोड, उन्हाळ्यात निष्पर्ण होऊन भुतासारखी उभी राहिलेली सालई, झाडाझाडांमधून मोठे जाळे टाकून बसलेला कोळी, हे सर्व त्याच रस्त्यावर आहे. यांपैकी एकापाशीही वाहन थांबत नाही. थांबते ते एका वळणावर, जेथे आधीच दहा-बारा वाहने तिरपी-आडवी उभी असतात, माणसे आसनांवर उभी राहिलेली असतात, आणि बांबूच्या रांजीत कोठेतरी एक पिवळा पट्टा हलला अशी कुजबूज चालू असते.

या गर्दीची परिणती कोठवर जाते हे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात 31 डिसेंबर 2024 रोजी दिसून आले. वाघीण आणि तिचे बछडे रस्त्यावर असताना सफारीच्या वाहनांनी त्यांची दोन्ही बाजूंनी कोंडी केली, आणि अखेर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची आपण होऊन दखल घ्यावी लागली. त्याआधी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही महिने तहकूबच केले होते. ते पुन्हा सुरू झाले ते गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनास खुला नसावा या मर्यादेसह. ताडोबाने पुढे सफारीत भ्रमणध्वनीलाही बंदी केली. हे सर्व निर्बंध आवश्यक आहेत आणि मी त्यांचा मनापासून पुरस्कर्ता आहे. परंतु निर्बंधांनी वाहनांची संख्या आवरते, वाहनात बसलेल्या मनुष्याची तहान आवरत नाही. जोवर वाघ दिसणे हेच दिवसाचे एकमेव सार्थक ठरलेले आहे, तोवर घाई राहणारच, आणि घाईबरोबर कोंडीही राहणार.

याला उत्तर अन्यत्र शोधण्याची आवश्यकता नाही, कारण ते वनखात्यापाशीच आहे. वैशाख पौर्णिमेच्या वन्यप्राणी-प्रगणनेसाठी पाणवठ्यांवर जी मचाणे बांधली जातात त्यांवर बसण्याची संधी हल्ली सामान्य नागरिकालाही मिळते. गाभ्याभोवतालच्या बफर क्षेत्रातल्या अशा एका मचाणावर मी दुपारपासून बसलो होतो. सोबतीला एक प्रौढ वनमजूर होता. खाली सौरपंपाने भरणारा, फार तर एका खोलीएवढा पाणवठा. हातात वेळ, प्राणी, संख्या, नर, मादी, पिल्लू असे रकाने आखलेला कागद. चंद्रपूरच्या वैशाखाचे वर्णन करण्याचे कारण नाही. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे असतो आणि मचाणाच्या बांबूंनाही हात लावता येत नाही. पहिला तास काहीच घडले नाही. मग एक मुंगूस आले, पाणी न पिता काठाकाठाने सबंध पाणवठ्याची पाहणी करून गेले. मधुबाज पाण्याच्या कडेला उतरला आणि पोट बुडेल इतक्या पाण्यात बराच वेळ नुसता उभा राहिला. वानरांची टोळी आली; त्यांतल्या वडीलधाऱ्याने प्रथम झाडावरूनच चारी दिशा न्याहाळल्या, आणि तो खाली उतरल्यावाचून एकही पिल्लू उतरले नाही. चितळांचा कळप झाडीच्या कडेला येऊन इतका वेळ खोळंबला की ते परत फिरणार अशी माझी खात्री झाली होती. पुढे टाकलेला पाय मागे घ्यायचा, पुन्हा टाकायचा, असे त्या माद्यांनी किती वेळ केले असेल! तहानेने जीव कासावीस झालेला असतानाही प्राणी पाण्यावर झडप घालीत नाही, हे ज्ञान मला कोणत्याही पुस्तकातून या प्रतीतीने झाले नव्हते.

मी हळू आवाजात वनमजुराला विचारले की भाऊ, येथे वाघ येतो काय. तो म्हणाला, “सायेब, पान्यावर सारेच येते. वाघ आला का मंग लोक बाकी कोनाकडे पाहातच नाही.”

हे उद्गार कोणा विद्वानाच्या प्रबंधातही शोभले असते. तिन्हीसांजेला पलीकडच्या बाजूने अस्वल आले, त्याच्यामागून चंद्र वर आला, रातव्याचा टकटक आवाज सुरू झाला. आणि कागदाचे रकाने जसजसे भरत गेले तसतसे मला जाणवत गेले की ज्याला आपण रिकामा दिवस म्हणतो तो रिकामा मुळीच नसतो, आपण त्यात आपल्याकडून काही भरीत नाही एवढेच. आपल्या कामावर आलेल्या त्या वनमजुराखेरीज मौजेसाठी आलेले दुसरे कोणी माझ्यासोबत असते तर हे घडले असते काय? कदाचित घडलेही असते. परंतु माझा अनुभव असा की मौजेसाठी निघालेली दोन मनुष्ये एकत्र असली की पंधरा मिनिटांत एकजण दुसऱ्याच्या कंटाळ्याची जबाबदारी अंगावर घेतो, आणि मग काहीतरी घडावे अशी दोघांनाही निकड वाटू लागते. एकट्या मनुष्यावर ही जबाबदारी नसते. त्याचा कंटाळा हा त्याचा खाजगी मामला असतो, आणि तो त्यातून पलीकडे जाऊ शकतो.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो इतका गंभीर आहे की त्याला बगल देणे अनीतीचे होईल. ज्या अरण्यात मी एकांताचे सुख भोगले त्याच अरण्यात एकटे असणे हे या जिल्ह्यांतील गोरगरिबांसाठी मृत्यूचे निमंत्रण आहे. चैत्रात मोहफुले वेचण्यासाठी बाया पहाटेच्या अंधारात झाडाखाली वाकलेल्या असतात. वैशाखात तेंदूपानांचा हंगाम येतो. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच वेळी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोबाच्या गाभ्यातच, वाघांच्या गणनेसाठी पायी निघालेली एक स्त्री वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात प्राणास मुकली. जो पाहुणा वाहनात किंवा मचाणावर सुरक्षित बसून वाघाची वाट पाहतो, त्याच्या सुखाची किंमत पायी चालणाऱ्यांनी अशी मोजलेली आहे. पूर्वी ज्यांना निस्ताराचे, म्हणजे गरजेपुरते सरपण-चारा अरण्यातून नेण्याचे, हक्क होते, ज्यांची कोळसा, बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे गाभ्यातून उठविली गेली, त्यांच्या दृष्टीने आमची फुरसत हा एक प्रकारचा इनामी हक्क आहे, आणि इनामाबरोबर काही चाकरी येते याची जाणीव इनामदाराने ठेवावी हे न्याय्यच होय.

मी या आक्षेपाला खोडून काढू इच्छीत नाही. मी त्याला माझ्या युक्तिवादाचा आधार मानतो. अरण्य हे जर कोणाच्या रक्ताने राखले गेले असेल तर त्यात धावतपळत जाऊन एका जनावराचे छायाचित्र पदरात पाडून घेणे आणि लगोलग महामार्गावर परतणे हे केवळ अरसिकपणाचे नाही, कृतघ्नपणाचे आहे. जो मनुष्य दिवसभर एका जागी बसतो त्याला निदान सोबतच्या वाटाड्याशी दोन शब्द बोलावे लागतात, त्याच्या गावात जेवावे लागते, त्याच्या शेताला सौरकुंपण मिळाले की नाही हे ऐकावे लागते. ताडोबात आता कितीतरी गावच्या मुली वाटाड्या म्हणून काम करतात; एकट्या प्रवासी स्त्रीला त्यांची सोबत मिळाली तर घरच्यांची मनाई कितपत टिकेल, याचा विचार पर्यटनाचे आराखडे करणाऱ्यांनी अद्याप केलेला दिसत नाही. वाहनांच्या फेऱ्यांवर शेकडो कुटुंबांचा चरितार्थ चालतो, म्हणून फेऱ्या बंद करा असे मी म्हणत नाही. फेरीइतकाच मान बैठकीला द्या, आणि बैठकीवरही माणसाला मजुरी मिळेल अशी तजवीज करा, एवढेच माझे मागणे आहे.

गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीच्या पुढे सागवानाचे एक छोटे वन आहे. ‘वनवैभव’ या नावाने ते ओळखले जाते. क्षेत्र अवघे 6 हेक्टर, आणि 2014 मध्ये महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून त्याची नोंद झाली. तेथे वाघाचे आमिष नाही. पुरुषभर घेराच्या उंच खोडांमधून मनुष्य पायी चालतो, मान वर करून पाहतो, थकला की बसतो. सफारीचा नाद असलेले लोक तिकडे क्वचितच वळतात. दक्षिणेकडे सिरोंचाच्या अंगाला वडधम येथे जीवाश्मांचे उद्यान आहे. तेथे तर जे पाहावयाचे ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच हालचाल थांबवून बसलेले आहे. अशा स्थळांना ‘विकासा’ची झळ लागण्यापूर्वी, त्यांच्या दारात पाळणे व दिव्यांच्या माळा येण्यापूर्वी, त्यांचा खरा उपयोग आपण ओळखला पाहिजे.

वनखात्याकडे माझी विनंती आहे. प्रत्येक प्रवेशद्वारावर वाहनातील एकेका आसनाचा परवाना मिळावा. बफर क्षेत्रातील मचाणे वैशाख पौर्णिमेपुरती न ठेवता पावसाळा वगळून वर्षभर दिवसाच्या बैठकीसाठी खुली व्हावीत. त्यांचे शुल्क चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळामास्तराला व खाणकामगाराला परवडेल इतके असावे. आणि मचाणावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तो रकान्यांचा कागद द्यावा. वाचकालाही एक सांगणे आहे. चंद्रपुरास आलात तर वाघाची चौकशी करण्यापूर्वी मचाणाची करा, आणि सोबतीला कोणी मिळत नाही म्हणून बेत रहित करू नका.